हट्टी तबकडी

रविवारी ओक ग्रोव्हला गेलो होतो. पासाडेनाजवळचं हे १९७५ सालचं, डिस्क गॉल्फचं पहिलं कायमस्वरूपी मैदान. चिरंजीवांनी माझी 'गेटर' मागितली. दिली नाही. कंजूष म्हणा हवं तर!

वेग ५, तरंगणं २, वळण ०, शेवटची ओढ ३, अशी ही ओव्हरस्टेबल मिडरेंज. समोरच्या वाऱ्यात माझ्या बाकीच्या तबकड्या उजवीकडे भरकटतात, ही वाट सोडत नाही. पण हातात जोर नसेल तर धपकन डावीकडे. माझी पहिली तीच; "आपल्याला नाही जमणार" म्हणून खेळ सोडणारच होतो.

म्हणून माझं मत: ओव्हरस्टेबल घ्याच, पण दुसरी. पहिली सरळ जाणारी 'बझ'.

आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, "हट्टी आहे ना? तुझ्यावरच गेलीय म्हणायची!"