संकेतांक आणि अन्वयार्थ
डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि दोन मेकॅनिक दोन निदाने करतात: एकाच्या मते ऑक्सिजन सेन्सर बिघडला, दुसऱ्याच्या मते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. स्कॅनरवरचा संकेतांक मात्र एकच, पी०४२०. त्याचा वाच्यार्थ एवढाच की, कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरावीक मर्यादेखाली आढळली. एक्झॉस्टच्या नळीत गळती असली तरी हाच संकेतांक उमटू शकतो. तेव्हा मतभेद हा दोष नव्हे. अनेकार्थतेचे गोडवे गाणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी तो मानू नये! पण म्हणून सर्व अन्वयार्थ सारखेच ग्राह्य, हेही मला मान्य नाही. ‘आधार काय?’ हा विद्यार्थ्याला विचारायचा प्रश्न मेकॅनिकलाही विचारावा. गळती शोधली का? कन्व्हर्टरच्या पुढच्या-मागच्या सेन्सरांचे आलेख ताडून पाहिले का? मागचा आलेख पुढच्यासारखाच वरखाली होत असेल, तर कन्व्हर्टरवरचा संशय बळावतो. तोवर त्याच्या खर्चाला होकार देऊ नये.