आश्रम नव्हे, घर



पावसाळा संपून आभाळ निवळले की आपल्या शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याची निळी रांग स्पष्ट दिसते. हीच रांग चोपडा, यावल, रावेरच्या डोक्यावरून पूर्वेकडे थेट मेळघाटापर्यंत जाते. मेळघाट अमरावती जिल्ह्यात आहे. तेथे सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदरा हे गाव आहे. भोवती दाट जंगल आणि कोरकू आदिवासींच्या वस्त्या आहेत. याच डोंगरात सिंधुताई सपकाळ यांनी निराधार मुलांना आसरा दिला.

सिंधुताईंचा जन्म १४ नोव्हेंबर १९४८ रोजी वर्धा जिल्ह्यात झाला. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. लहान वयातच लग्न झाले. पुढे गरोदर असताना नवऱ्याने त्यांना घराबाहेर काढले. गाईच्या गोठ्यात त्या बाळंत झाल्या. माहेरीही थारा मिळाला नाही. तान्ही मुलगी घेऊन त्या रेल्वेत गाणी म्हणत भीक मागू लागल्या. तेथे त्यांना उपाशी, बेवारस मुले भेटली. मिळालेली भाकरी त्यांनी त्या मुलांबरोबर वाटून खाल्ली. चिखलदऱ्यानंतर पुण्याजवळ हडपसर आणि सासवडजवळ कुंभारवळण येथेही त्यांनी मुलांसाठी घरे उभारली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ४ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

अन्न आणि कपडे अनेक जण देतात. मग माईंनी वेगळे काय दिले? माझ्या मते, नाते दिले. मुले त्यांना ‘माई’ म्हणत. एरवी मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला संस्था सोडावी लागते. माईंनी कोणाला असा निरोप दिला नाही. मुलांची शिक्षणे केली, लग्ने लावली. त्यांच्या घरात सुना आल्या, जावई आले. अठराव्या वर्षी कोणती आई आपल्या मुलाला म्हणते, “आता तू जा”?

आपल्या पोटच्या मुलीला मात्र माईंनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवले. ती जवळ असती तर आपल्या हातून भेदभाव होईल, अशी त्यांना भीती वाटली. तुम्ही विचाराल, “सर, मग त्या मुलीचे काय?” तुमचा प्रश्न योग्य आहे. मला स्वतःला हे कधीच जमले नसते. पण ताटात मोठा तुकडा कोणाला पडतो, हे मुलांच्या लगेच लक्षात येते, हेही तितकेच खरे आहे.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मोफत वह्यांसाठी यादी करायची होती. मी भर वर्गात म्हणालो, “जे यतीम असतील त्यांनी हात वर करा.” तीन हात वर झाले. चौथा मुलगा खाली मान घालून बसून राहिला. त्याचे वडील वारले होते, हे मला ठाऊक होते. तास संपल्यावर मी त्याला जवळ बोलावले. तो म्हणाला, “सर, मी चाचांच्या घरी राहतो. मी यतीम नाही.”

मला फार लाज वाटली. त्याच्या चाचांनी त्याला घर दिले होते आणि मी एका शब्दाने त्याला त्या घराबाहेर काढू पाहत होतो. त्या दिवसापासून अशी यादी मी हजेरीपुस्तकावरून एकटा बसून करतो. वर्गात कोणाला हात वर करायला सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्या शेजारच्या बाकावर वसतिगृहातला, यतीमखान्यातला किंवा मामा-चाचांकडे राहणारा मुलगा असेल. “तुझे आईवडील कुठे आहेत?” असे त्याला सर्वांदेखत विचारू नका. मनात आले तर तो स्वतःच सांगेल. ईदला त्याला शीरखुर्मा खायला जरूर बोलवा. पण तेवढ्यावर थांबू नका. एखाद्या दिवशी तुम्हीही त्याच्याकडे जा, तो देईल तो चहा प्या. आपल्याकडेही पाहुणा येतो, याचा आनंद त्यालाही मिळू द्या.