‘वेबसाईटवर आहे ना!’



आमच्या संस्थेच्या कपाटात आधीच्या कार्यकर्त्यांनी जपलेल्या फायली आहेत. कात्रणे, शासन निर्णयांच्या झेरॉक्स. घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावण्याचा 2003 चा ‘घर दोघांचे’ जीआर तर घड्या पडून मधोमध फाटला आहे. ग्रामसेवक ‘असा जीआरच नाही’ म्हणाला की तो कागद टेबलावर ठेवायचा, ही आमची रीत. आता सरकारी कागद संगणकावर येतो, आणि आम्ही निर्धास्त झालो. वेबसाईटवर आहे ना, मग छापायचे कशाला?

हे महागात पडले. एका घरकामगार बाईची लैंगिक छळाची तक्रार होती. 2013 च्या कायद्याने ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. कार्यालयाने ‘समितीची मुदत संपलीय, नवी झाली की या’ म्हणून तिला दोनदा परत पाठवले. तक्रारीला घटनेपासून तीन महिने मिळतात. कारण पटले तर समिती आणखी तीन देऊ शकते. चार महिने उलटल्यावर तक्रार घेतली गेली आणि पहिला प्रश्न आला, उशीर का? वेबसाईटवरच्या यादीत समितीच्या नेमणुकीची तारीख होती. त्यावरून तीन वर्षे मोजली तर मुदत संपलेलीच नव्हती! पण तोवर वेबसाईट नवी झाली होती, यादी गायब. आमच्या एका सहकारी मुलीने ती स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर ठेवली होती. ती दाखवली, तर साहेब म्हणाले, ‘ही आमचीच कशावरून? कधी उतरवलीत?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. फाईलचे नाव होते ‘लिस्ट फायनल 2’. उशीर शेवटी माफ झाला, पण त्या बाईच्या चार खेपा झाल्या, चार दिवसांचा पगार बुडाला.

एक ज्येष्ठ ताई बैठकीत म्हणाल्या, ‘सरकारचे दप्तर आपण का सांभाळायचे?’ प्रश्न रास्त आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे नोंदी नीट ठेवणे हे त्यांचेच काम आहे, आणि ते मागत राहिलेच पाहिजे. पण अर्जाच्या उत्तराला तीस दिवस लागतात, आणि तक्रारीची मुदत थांबत नाही. शिवाय हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत 2025 च्या जानेवारीअखेर सरकारी आरोग्य खात्याची अनेक पाने एकाएकी काढली गेली. फेब्रुवारीत न्यायालयाने काही परत लावायला सांगितली. मधल्या काळात लोकांनी आधी जपलेल्या प्रतीच कामी आल्या.

त्यातल्या बऱ्याच प्रती इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे होत्या. 1996 पासून चाललेली, नफा न कमावणारी. तिच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये पानाचा पत्ता टाकला की प्रत राहते, मूळ पत्ता आणि तारीख-वेळेसकट, फुकट. आमच्या यादीला नेमके हेच हवे होते. पान जपले म्हणजे त्यातली पीडीएफ जपली असे मात्र नाही. तिचा पत्ता वेगळा टाकावा लागतो. आपली काही सरकारी संकेतस्थळे परदेशातून उघडतच नाहीत, तिथे हा उपाय लागू पडत नाही.

फुकटच्या फळीवर सगळा संसार मांडू नये, हेही खरे. 2017 च्या ऑगस्टमध्ये चित्रपटांच्या चोरीबाबतच्या न्यायालयीन आदेशामुळे हीच जागा भारतात काही काळ बंद झाली होती, आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ल्याने काही दिवस ठप्प होती. गूगल तर दोन वर्षे न वापरलेले खाते पुसून टाकू शकते. कार्यकर्ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, की तिच्या नावावरचे आपले दप्तरही गेले! म्हणून आम्ही खाते संस्थेच्या नावाने काढले, पासवर्ड तिघींकडे. एक प्रत वेबॅकवर, एक तिथे, एक छापून फाईलला. कोणी, कधी, कुठून उतरवले ते वहीत लिहितो. कारण न्यायालयात असा दस्तऐवज दिला तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागते, आणि ते देणारीला हे सांगता आले पाहिजे.

बायकांच्या केसचे कागद मात्र तिथे कधीही नाहीत. तक्रार नाही, एफआयआर नाही, लाभार्थींची नावे-पत्ते असलेली सरकारी यादीही नाही, मग ती सरकारनेच का लावलेली असेना. वेबॅकवरचे सगळ्या जगाला दिसते, तिच्या नवऱ्यालाही.

तुमच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीची यादी वेबसाईटवर आहे का, ते आजच बघा. असली तर लगेच जपा. नसली तर कधीपासून नाही, ते आम्हाला कळवा.