वाचलं सगळ्यांनी

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की ‘इन्फो’ दिसतं. कोणी वाचला, किती वाजता वाचला, सगळी यादी. हल्ली मला ती हजेरीपटासारखी वाटते.

मी पवनी तालुक्यातल्या आसगावचा. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या शाळेच्या बॅचचा ६४ जणांचा ग्रुप आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गातली एक मुलगी घटस्फोट घेऊन माहेरी परतली, गावात शिवणकाम सुरू केलं आणि दुकानाचा फोटो ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं ते तिच्या घटस्फोटावर. मग कोणीतरी तिच्याच चेहऱ्याचं स्टिकर बनवलं. तासाभर ते फिरत राहिलं. तिने एकच ओळ लिहिली, “हे बंद करा.”

मी तिला खासगीत लिहिलं, “वाईट वाटलं. मी तुझ्या बाजूने आहे.”

“मंग ग्रुपवर लिही ना,” ती म्हणाली. सोबत तिच्या त्या एका ओळीच्या ‘इन्फो’चा स्क्रीनशॉट होता. वाचणारे ५८. त्यात माझं नाव, रात्री ९:४२.

मी अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी ती ग्रुप सोडून गेली.

त्रास देणारे तिघे होते. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. असे तिघे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. मला बोलायचंय ते आम्हा बाकीच्या साठांबद्दल.

आमचं आवडतं उत्तर होतं, “ॲडमिनने बघावं.” या प्रश्नावर आमच्या शेजारीच एक खटला झालाय. गोंदिया जिल्ह्यातलं अर्जुनी मोरगाव. १९९९ पर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. तिथे एका ग्रुपमध्ये एका सदस्याने एका बाईबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायला लावलं नाही, उलट आपण काही करू शकत नाही म्हणून हात वर केले, अशी तिची तक्रार होती. २०१६ मध्ये ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. १ मार्च २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. ॲडमिन सदस्य घेऊ शकतो, काढू शकतो. मजकूर आधी तपासू शकत नाही. संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही.

निकाल मला पटतो. गप्प बसण्यासाठी पोलीस दारात यायला लागले तर उद्या कोणाच्या दारात येतील ते सांगायला नको. (आणि २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, हेही खरं. आमच्या ॲडमिनने ते बटण ‘गुड मॉर्निंग’ पुसायला वापरलंय.) पण कोर्टाने सांगितलं ते इतकंच की हा त्याचा गुन्हा नाही. तो आणि आपण बरोबर वागलो, असं कुठेही म्हटलेलं नाही. गुन्हा नाही म्हणजे जबाबदारीही नाही, हे गणित आपण सोयीने मांडलं.

१९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांचा न्यूयॉर्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत, बोलणं इंटरकॉमवर. मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज, खरं तर रेकॉर्डिंग. फक्त आपणच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघे ऐकतायत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. कोणी कोणाचं तोंड पाहत नव्हतं. आपला ग्रुप याहून वेगळा काय आहे? इथे चार नाहीत, साठ आहेत, एवढंच.

लोक म्हणतील, गावात राहायचंय, उद्या त्याच पोरांसोबत लग्नाच्या पंगतीत बसायचंय. ज्याला राहायचंय त्याचं मी समजू शकतो. ग्रुपमधल्या मुलींचं तर नक्कीच. तोंड उघडलं तर पुढचं स्टिकर त्यांचं. पण मी? पुण्यात, पगार सुरू, गावाला दिवाळीत चार दिवस. माझं काय जाणार होतं? ऑफिसात कोड रिव्ह्यू करताना चूक दिसली आणि मी बोललो नाही, तर नंतर “मी फक्त वाचत होतो” म्हणता येत नाही. तिथे जमतं, कारण त्याचे पैसे मिळतात.

आणि ती खासगीतली सहानुभूती! अपमान चौकात, दिलासा बोळात. तिला माझ्या वाईट वाटण्याचा उपयोग शून्य होता. तिला त्याच जागी, त्याच लोकांसमोर दुसरं कोणीतरी “बंद करा” म्हणायला हवं होतं. दोन शब्द. वाद नको, भाषण नको.

गेल्या महिन्यात तेच स्टिकर ग्रुपवर पुन्हा आलं, कुठल्याशा वेगळ्याच विनोदावर. ती ग्रुपमध्ये नाही, चेहरा मात्र आहे. मी लिहिलं, “हे स्टिकर काढा. तेव्हाच बोलायला हवं होतं, बोललो नाही.”

“जुनं काहून उकरतोस बे?” एकाने लिहिलं. त्यावर सात अंगठे.

थोड्या वेळाने एका मित्राचा खासगीत मेसेज आला, “बरोबर बोललास भाऊ.”

“मंग ग्रुपवर लिही ना,” मी लिहिलं.

त्याने अंगठा पाठवला.