मोठे इंजिन की योग्य इंजिन?

वाफेच्या इंजिनांपैकी तुमचे आवडते इंजिन कोणते, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? बहुतेक जण सर्वांत मोठे किंवा सर्वांत वेगवान इंजिन निवडतील. रेल्वेचे शौकीन लोकही पुष्कळदा असेच करतात. माझे मत थोडे वेगळे आहे. जे इंजिन आपल्या रुळांना, आपल्या मुलखाला आणि आपल्या कामाला शोभते, तेच उत्तम इंजिन.

आपल्या मेडशीला रेल्वे स्थानक नाही. पण आपल्याच मालेगाव तालुक्यात जऊळका नावाचे गाव आहे. त्या गावाच्या नावाला लोक 'रेल्वे' हा शब्द जोडतात आणि 'जऊळका रेल्वे' म्हणतात. तेथून जाणारा अकोला–पूर्णा मार्ग पूर्वी मीटर गेज होता. म्हणजे दोन रुळांमधील अंतर एक मीटर होते. २००८ साली तो मार्ग ब्रॉडगेज झाला. उर्दूत आपण पटरी म्हणतो, मराठीत रूळ म्हणतात. शब्द कोणताही वापरा, इंजिन निवडताना आधी पाहायचे ते रुळांकडेच.

भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. चौदा डबे होते आणि सुमारे चारशे प्रवासी होते. ती गाडी तीन इंजिनांनी ओढली. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. यांतील दोन नावे तर तुम्हांला घरचीच वाटतील! ही इंजिने इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात तयार झाली होती. त्यांचा मान पहिला, यात शंका नाही. तरीही माझ्या यादीत त्यांच्या आधी दोन लहान इंजिने येतात.

पहिले इंजिन बार्शी लाइट रेल्वेचे. ही रेल्वे १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. रुळांतील अंतर फक्त अडीच फूट होते आणि रूळही हलके होते. हलक्या रुळावर जड इंजिन घातले तर रूळ वाकतो. मग कॅलथ्रॉपने काय केले? कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा नियम त्याने केला. लीड्स शहरातील किटसन कंपनीने या मार्गासाठी जी इंजिने बनवली, त्यांना ओढणारी चाके आठ होती. त्यामुळे वजन अनेक चाकांवर वाटले गेले. ओझे वाटून घेतले की लहान खांदेही मोठे काम करतात, हे त्या इंजिनाने दाखवून दिले.

दुसरे इंजिन आपल्या वऱ्हाडचे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अडीच फुटी मार्गावर धावणाऱ्या गाडीला लोक प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. या भागातील कापूस वाहून नेण्यासाठी हा मार्ग बांधला गेला. कापूस मूर्तिजापूरहून मुंबईकडे आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांकडे जाई. शकुंतलेचे झेडडी जातीचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झाले. १९२३ पासून ते गाडी ओढू लागले, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत! म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ त्याने सेवा केली. पुढे डिझेल इंजिन आले. आता ती गाडीही बंद पडली आहे.

यावर कोणी म्हणेल, "सर, डब्ल्यूपी इंजिन किती देखणे होते! त्याचे नाक बंदुकीच्या गोळीसारखे होते. ते मेल गाड्या ओढत असे." खरे आहे. पण त्याच्या एका आसाचा भार सुमारे साडेअठरा टन होता. ते इंजिन बार्शीच्या किंवा शकुंतलेच्या रुळांवर उभे तरी राहिले असते का? मीटर गेजसाठी वायपी हे वेगळे, हलके इंजिन बनवावे लागले, ते याच कारणाने. विहिरीत पाणी किती आहे हे पाहूनच शेतकरी पंप घेतो. गावातला सर्वांत मोठा पंप आणून कोरडी विहीर भरत नाही.

मात्र जुन्या इंजिनांचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नका. वाफेचे इंजिन कोळसा फार खाई. कोळशाच्या उष्णतेचा दहावा भागही गाडी ओढण्याच्या कामी येत नसे. भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा फायरमन धगीत उभा राही. वैशाखातल्या दुपारी त्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करा. म्हणून ती इंजिने गेली याचे दुःख करू नये. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७० साली ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले. त्याचे नाव 'अंतिम सितारा' ठेवण्यात आले. किती समर्पक नाव!

शकुंतलेचा मार्ग ब्रॉडगेज व्हावा, अशी मागणी लोक करत आले आहेत. तो जरूर व्हावा. विद्यार्थ्यांना, रुग्णांना, शेतकऱ्यांना वेगवान गाडी हवीच. पण नवे रूळ टाकताना जुने सारे भंगारात घालू नये. एखादे इंजिन, एखादी पाण्याची टाकी, एखादे लहान स्थानक जेथल्या तेथे जपून ठेवावे. परदेशी कारखान्याची पाटी असली, तरी त्या इंजिनात कोळसा टाकणारे आणि त्या गाडीत बसणारे हात आपल्याच माणसांचे होते.

तुमच्या घरी किंवा मोहल्ल्यात शकुंतलेने किंवा मीटर गेजच्या गाडीने प्रवास केलेले कोणी वडीलधारे असतील. त्यांना विचारा आणि ते जे सांगतील ते वहीत मराठीत लिहून काढा. इंजिन जपण्यासाठी सरकार लागते, आठवण जपण्यासाठी एक वही पुरते.