पुढच्या सफरीचा विसार

समुद्रपर्यटनाची मोठी जहाजे चालवणाऱ्या अनेक कंपन्या जहाजावरच एक वेगळी वस्तू विकतात. ती खाण्याची नाही, ल्यायची नाही, घरी नेऊन चारचौघांना दाखवण्याचीही नाही. ती म्हणजे पुढच्या सफरीची आगाऊ रक्कम. चालू सफर संपण्याच्या आत प्रवाशाने शंभर, दोनशे, अडीचशे डॉलर भरायचे. कोणते जहाज, कोणते बंदर, कोणती तारीख हे त्या वेळी ठरवले नाही तरी चालते. मोबदल्यात काही सवलत मिळते. कधी पुढच्या भाड्यात टक्केवारीची सूट, तर कधी जहाजावर खर्च करण्यासाठी ठरावीक रक्कम खात्यात जमा, जिला या व्यवसायात 'ऑनबोर्ड क्रेडिट' म्हणतात. ही रक्कम भरावी की भरू नये, असा प्रश्न आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना व अध्यापकांना हा प्रश्न परका वाटेल, हे आम्ही जाणतो. तरीही तो येथे मांडावासा वाटतो, याला दोन कारणे आहेत. मुले परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांतले निवृत्त आईवडील आता अलास्काच्या वा कॅरिबियन बेटांच्या सफरींवर जाऊ लागले आहेत, आणि त्यांत आपल्या पेशातली माणसेही असतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. हा व्यवहार मुळात शब्दांचा आहे. हाती येतो तो केवळ एक मजकूर, आणि मजकूर बारकाईने वाचणे हे तर आपले कामच.

प्रथम या योजनांची भली बाजू मान्य करू. दोन वर्षे अडीचशे डॉलर अडकून राहिले तर सहा टक्के सरळ व्याजाच्या हिशेबाने तीस डॉलरांचे नुकसान होते. उलट तीन हजार डॉलरांच्या भाड्यात दहा टक्के सूट मिळाली तर तीनशे डॉलर वाचतात. जो प्रवासी दरवर्षी त्याच कंपनीच्या जहाजाने जातो, त्याने ही रक्कम न भरणे हाच आळस ठरेल. व्याज बुडते म्हणून या योजनांना नावे ठेवणारे आकडेमोडीत चुकतात. आमचा आक्षेप तेथे नाही.

आमचे लक्ष वेधून घेतले ते या योजनांच्या नावांनी. नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या योजनेचे नाव 'क्रूझनेक्स्ट' आणि रॉयल कॅरिबियनच्या योजनेचे 'नेक्स्टक्रूझ'. तेच दोन शब्द, फक्त उलटसुलट. दोन्ही नावांत पैशाचा उल्लेख नाही, अटीचा नाही. आहे ती केवळ 'पुढची' या विशेषणाची ग्वाही. पुढची सफर होणारच, हे नावातच गृहीत धरले आहे. डिस्नेच्या जहाजांवर याच प्रकाराला 'प्लेसहोल्डर' म्हणतात. तेथे २५० डॉलर भरून २४ महिन्यांच्या आतील सफरीवर दहा टक्के सूट मिळवता येते, आणि न गेल्यास रक्कम परत मागता येते. हा शब्द आम्हांला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. प्लेसहोल्डर म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल. जागा धरली, एवढाच त्याचा अर्थ. गाडीत चढलो नाही तर रुमाल उचलून खिशात घालता येतो.

पण सगळे रुमाल परत मिळत नाहीत. इथे मराठीतील दोन जुने शब्द उपयोगी पडतात: अनामत आणि विसार.

अनामत आपण सर्वांनी ग्रंथालयात भरलेली आहे. तिचे लक्षण असे, की ती मुळात भरणाऱ्याचीच राहते. सभासदत्व सोडले, पुस्तके परत केली, की अनामत परत. ग्रंथालय ती आपली मिळकत मानत नाही. विसाराचे तसे नाही. जमिनीच्या व्यवहारात विसार दिला आणि घेणाऱ्याने माघार घेतली तर बहुधा तो बुडतो. मात्र विसारपावती काढून पाहावी. तीत जमिनीचा गट क्रमांक असतो, क्षेत्र असते, चतुःसीमा असतात, ठरलेली किंमत असते, खरेदीखताची मुदत असते. घेणारा बांधला जातो तसा देणाराही बांधला जातो. तो उद्या किंमत वाढवून मागू शकत नाही. विसार बुडण्याला नैतिक आधार आहे तो या दुहेरी बंधनाचा.

परत न मिळणाऱ्या सफर-ठेवीचा मजकूर या कसोटीवर लावून पाहावा. रक्कम बुडण्याची अट विसाराची आहे, परंतु चतुःसीमा कुठेच नाहीत. जहाज ठरलेले नाही, तारीख ठरलेली नाही आणि, सर्वांत महत्त्वाचे, भाडे ठरलेले नाही. प्रवासी बांधला गेला. कंपनीने मात्र कोणत्या दराने नेणार याचे काहीच वचन दिले नाही. दहा टक्के सूट म्हणजे कशाच्या दहा टक्के, हे ज्या दिवशी आरक्षण होईल त्या दिवशी कंपनी ठरवणार. याला अनामत म्हणता येत नाही आणि विसारही म्हणता येत नाही. आपल्याकडे नवससुद्धा इच्छा फळल्यानंतर फेडायचा असतो. येथे तो बोलतानाच फेडायचा आहे.

मराठी वाचकाला प्रकाशनपूर्व सवलत योजना ठाऊक आहे. तेथेही पैसे आधी, वस्तू नंतर. परंतु ग्रंथ कोणता, लेखक कोण, छापील किंमत किती, सवलतीची किती, प्रकाशन केव्हा, हे सारे पत्रकात सांगितलेले असते. ग्रंथ लांबला तर तक्रार कशाची करायची ते आपल्याला कळते. 'आमचे कोणतेतरी पुस्तक, कधीतरी, त्या वेळच्या किमतीतून थोडे कमी करून' अशी जाहिरात कुणा प्रकाशकाने केली तर आपण हसू. समुद्रावर मात्र हसत नाही, हे विचार करण्याजोगे आहे.

परत न मिळणाऱ्या रकमेचा हिशेब तरी करून पाहू. समजा, २५० डॉलर भरले आणि त्या बदल्यात १०० डॉलरांचे ऑनबोर्ड क्रेडिट लगेच मिळाले. पुढची सफर झाली तर अडीचशे भाड्यात वळते झाले आणि शंभरांचा लाभ झाला. सफर झालीच नाही तर दीडशे बुडाले. म्हणजे हा सौदा तोट्याचा ठरू नये, यासाठी सफर होण्याची शक्यता पाचात तीन तरी हवी. शिवाय ते शंभर डॉलर एरवी खर्च झालेच असते, असे असेल तरच तो खरा लाभ. क्रेडिट मिळाले म्हणून जो खर्च केला, तो लाभात कसा धरायचा?

पाचात तीन ही शक्यता फ्लोरिडात राहणाऱ्या अमेरिकन निवृत्ताला मोठी वाटणार नाही. त्याला मोटार काढून बंदर गाठायचे असते. पुण्याच्या वा कोल्हापूरच्या साठी-सत्तरीतल्या दांपत्याचे गणित वेगळे आहे. त्यांची पुढची सफर आधी व्हिसावर अवलंबून आहे, मग विमानभाड्यावर, मग रुपयाच्या दरावर, मुलांच्या रजेवर आणि शेवटी आपल्या गुडघ्यांवर. यांतली एकही गोष्ट त्या प्रमाणपत्रात लिहिलेली नसते. जो मजकूर एकासाठी माफक सवलत आहे तोच दुसऱ्यासाठी जुगार होतो. शब्द तेच राहतात, वाचणारा बदलतो. संहितेचा अर्थ वाचकाच्या परिस्थितीवरही अवलंबून असतो, हे वर्गात शिकवणे सोपे आहे, सही करताना आठवणे अवघड.

आता विक्रीच्या वेळेकडे वळू, कारण आमच्या मते खरी गोम तेथे आहे. ही ठेव विकली जाते ती सफर चालू असताना. घरी परतून महिना लोटल्यावर नव्हे. सामान अजून बांधायचे आहे, जेवण कुणीतरी वाढते आहे, पलंग कुणीतरी आवरते आहे, आणि खर्चाचे अंतिम बिल अजून हाती आलेले नाही. अशा वेळी माणसाला 'पुन्हा येणार का?' असे विचारणे म्हणजे कादंबरीचे शेवटचे प्रकरण वाचायच्या आधीच तिच्यावर अभिप्राय मागणे. अनुभव आणि अनुभवाचे मूल्यमापन यांत अंतर लागते, हे समीक्षेचे पहिले पथ्य. ही योजना ते अंतर मिटवण्यावरच उभी आहे.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकारही अशा अंतरातून समृद्ध होतो. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने. बंडाच्या धामधुमीत सापडले, वाटेत लुटले गेले. 'माझा प्रवास' त्यांनी लिहिला तो परतल्यानंतर सुमारे दोन तपांनी, आणि तो छापून प्रसिद्ध झाला १९०७ साली. त्या प्रवासाची किंमत मिळालेल्या दक्षिणेत मोजता आली नसती, आणि प्रवास चालू असताना तर मुळीच नाही. सुखाच्या सहलीची तुलना त्या दिव्याशी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु परत येणे हाही प्रवासाचाच भाग आहे, आणि परतल्यावाचून प्रवास कसा झाला हे सांगता येत नाही, एवढे दोहोंनाही लागू आहे.

कंपनीच्या शब्दावर किती भिस्त ठेवावी, याचाही अनुभव गेल्या काही वर्षांत आला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे जहाजे थांबली तेव्हा अनेक कंपन्यांनी रद्द सफरींसाठी रोख परताव्याऐवजी भरलेल्या रकमेच्या १२५ टक्के 'फ्यूचर क्रूझ क्रेडिट' देऊ केले. शंभराचे सव्वाशे झाले, पण पैशाचे वचन झाले. जानेवारी २०२२ मध्ये 'क्रिस्टल सिंफनी' हे जहाज मायामीला येण्याऐवजी बहामातील बिमिनीकडे वळवण्यात आले, कारण थकलेल्या इंधनबिलांपायी अमेरिकन न्यायालयाने त्याच्या जप्तीचा आदेश काढला होता. मूळ कंपनी बुडाली, पुढच्या सफरींसाठी पैसे भरलेले प्रवासी धनकोंच्या रांगेत गेले, आणि क्रिस्टल हे नाव पुढे नव्या मालकांकडे गेले. आपल्या मुंबईहून एप्रिल २०१९ मध्ये मोठ्या उत्साहाने निघालेली 'कर्णिका' २०२० संपण्याच्या आत अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. चार वर्षे मुदतीचे प्रमाणपत्र घेताना ते देणारी संस्था चार वर्षे टिकेल काय, हा प्रश्न अशुभ खरा, पण अस्थानी नाही.

अमेरिकेत याबाबत कायदा आहे. तेथील बंदरांतून पन्नास वा अधिक प्रवासी नेण्याची क्षमता असलेल्या जहाजांना, सफर न झाल्यास परतावा देण्याची आर्थिक हमी १९६६च्या कायद्यानुसार दाखवावी लागते. २०२२ मध्ये झालेल्या नियमाने, सफर रद्द झाली किंवा तीन दिवस वा अधिक लांबली, तर मागणी केल्यापासून १८० दिवसांत पैसे परत करण्याचे बंधन आले. चांगलेच झाले. परंतु या नियमाची भाषा पाहा: ती ठरलेल्या सफरीची भाषा आहे. जिची तारीखच ठरलेली नाही ती सफर रद्द कशी होणार, आणि लांबणार तरी किती? चतुःसीमा नसल्याचा परिणाम येथेही भोगावा लागतो.

एक आक्षेप आम्हांला गंभीर वाटतो. कुणी म्हणेल, माणसे मनात असूनही जात नाहीत. पैसे गुंतले की जातात. आयुष्यभर 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणत राहिलेल्या आईवडिलांना ही छोटी ठेवच घराबाहेर काढते. ते पैसे संकल्पाचे आहेत, सौद्याचे नाहीत. यात तथ्य आहे. उतारवयात 'पुढची' या शब्दाला जे मोल असते ते डॉलरांत सांगता येत नाही. परंतु म्हणूनच त्या शब्दाच्या विक्रीबाबत अधिक सावध राहायला हवे. संकल्प आपला आहे. तो आपल्यालाच परत विकला जात असेल, तर निदान त्याची मुदत आणि परताव्याची अट आपण वाचलेली असावी. मुदत संपत आली म्हणून, गुडघे नको म्हणत असताना केलेली सफर ही संकल्पाची पूर्ती नसून अडीचशे डॉलरांची वसुली असते. आणि कपाटात पडून राहिलेले ते प्रमाणपत्र मुलांना दरवर्षी बोचत राहते, ते निराळेच.

तेव्हा आमचे मत असे. मागताच संपूर्ण परत मिळणारी रक्कम असेल, ती रोख वा मूळ कार्डावर परत मिळणार असेल, मुदत संपल्यावरही ती बुडणार नाही असे मजकुरात स्पष्ट लिहिले असेल, तर ती अनामत आहे. बेत असल्यास ती खुशाल भरावी, मात्र कार्डावरील परकीय चलनाचा आकार दोन्ही वेळा लागू शकतो, हे लक्षात ठेवून. सफर, तारीख आणि भाडे तिथेच ठरत असेल तर तो विसार आहे; परवडत असेल तर द्यावा. या दोहोंत न बसणारी, परत न मिळणारी, बिनतारखेची ठेव मराठी घरातल्या निवृत्त माणसाने घेऊ नये. मजकूर ताबडतोब वाचून होणार नसेल तर तो मागून घ्यावा, खोलीवर न्यावा आणि एक रात्र जाऊ द्यावी. जहाजावरच्या सवलतीला त्याहून कमी मुदत असेल, तर त्या घाईतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.