गावाची नोंद आणि गावाचा अभिमान

ज्या गावात मराठी विश्वकोश घडला, त्या वाईची मुक्त ज्ञानकोशातली नोंद सुधारायला बसावे, तर पहिला अडथळा येतो तो आपल्याच अभिमानाचा. ‘दक्षिण काशी’, ‘निसर्गाचे वरदान लाभलेले’ अशी विशेषणे आपसूक उमटू लागतात. ती खोटी असतात असे नव्हे. पण कृष्णाकाठच्या दुसऱ्या एखाद्या गावालाही ती तितकीच शोभतील. याउलट, ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले, हे साधे वाक्य फक्त वाईचेच असते.

दुसरा प्रश्न परंपरेचा. महाभारतातली विराटनगरी म्हणजे वाई, ही श्रद्धा आहे. १६५९ साली अफझलखानाचे संकट टळावे म्हणून केलेल्या नवसातून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. ‘परंपरा सांगते’ हे दोन शब्द गाळले की श्रद्धेचा इतिहास होतो. आणि अख्खे वाक्यच गाळले, तर घाटाघाटांवर उत्सव का भरतो हे परक्या वाचकाला कळत नाही. तीच गोष्ट वसईच्या पोर्तुगीज घंटेची. ती मेणवलीच्या घाटावर आहे, वाईत नाही. शेजारच्या गावाचे वैभव आपल्या नोंदीत ओढून घेण्याचा मोह आवरलाच पाहिजे.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. हमी त्या नावाची. मुक्त ज्ञानकोशात कोणीही लिहू शकतो, म्हणून तिथे हमी छापील संदर्भाची. लहान गावाचे दुखणे नेमके इथेच आहे. आळीचे नाव कशावरून पडले, पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते कधी छापले नाही. असे वाक्य संदर्भाअभावी उडवले जाते आणि लिहिणारा रागावून निघून जातो.

माझ्या मते राग समजण्याजोगा आहे, तरी नियम योग्य आहे. तो सैल केला, तर खरी आठवण आणि रचलेली दंतकथा एकाच दाराने आत येतील, आणि वाचकाला त्या वेगळ्या ओळखता येणार नाहीत. मात्र नियम मान्य केला की उरलेली जबाबदारी आपल्यावर येते. नोंद सुधारण्याचे काम नोंदीच्या बाहेर सुरू होते: गॅझेटिअर चाळणे, शिलालेख वाचून घेणे, वृद्धांच्या आठवणी सांगणाऱ्याच्या नावानिशी व तारखेनिशी टिपून घेणे आणि एखाद्या जबाबदार संपादकाच्या नजरेखालून त्या छापून आणणे.

नोंद आज अपुरी असली तर ती उद्याही भरता येईल. पायरी दाखवणारे बोट मात्र उद्या असेलच असे नाही.